शेषाद्री साहेबांच्या गाडीचे चौथे कार्ड

चि. रेवा आणि चि. ओजस,

गाडीचा एसी गाडीत थंडी भरत नाही. तो गाडीतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकतो. एवढे एक वाक्य नीट समजले तर आजीने एकतीस वर्षे बंगळुरातल्या यशवंतपूरच्या आमच्या गॅरेजच्या शेडमध्ये बसून काय केले ते समजायला सोपे जाईल. आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकासाठी व्यवसायाबद्दल लिहा, असा आग्रह झाला तेव्हा मी अट घातली, की लिहीन, पण नातवंडांना लिहिल्यासारखे लिहीन. इतर वाचकांनी शेजारी बसून वाचायला माझी हरकत नाही.

मागच्या रविवारी फोनवर ओजसने विचारले, "आजी, तू पाना फिरवायचीस का?" नाही रे. पाना तुझे आजोबा आणि आमचा मेकॅनिक मंजण्णा फिरवायचे. मी प्रश्न विचारायचे. मी नन्सच्या शाळेत शिकलेली, भौतिकशास्त्राची पदवीधर. लग्न होऊन गॅरेजवाल्या घरात आले तेव्हा सासूबाईंनी काळजीने विचारले होते, "हिला इंग्रजी येतं, पण गिऱ्हाईकाशी बोलता येतं का?" ते यायला दोन वर्षे लागली. तोवर मी जॉब कार्डे छापून घेतली होती. प्रत्येक गाडीला एक कार्ड. तक्रार काय, कधी होते, किती वेळाने होते, गाडीत कोण कुठे बसते, काय तपासले, काय सापडले, आणि शेवटचा रकाना 'संभाव्य कारण'. कार्ड पुरे झाल्याशिवाय बॉनेट उघडायचे नाही, असा माझा नियम होता. आजोबा त्याला 'बाईंची प्रश्नपत्रिका' म्हणायचे आणि गिऱ्हाइकांना सांगायचे, "पास झालात तरच गाडी मिळेल."

पण त्या प्रश्नपत्रिकेने अनेकांचा नव्या कॉम्प्रेसरचा खर्च वाचवला. एक गृहस्थ आले होते. त्यांच्या डॅशबोर्डवर बाहेरचे तापमान बावन्न अंश दाखवत होते, तेही बंगळुरात. त्यांनी त्याचे फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवले होते आणि जग बुडायला आले अशी त्यांची खात्री झाली होती. मी विचारले, "पुढचा बंपर कधी बदलला?" ते चकित झाले. "तुम्हाला कसं कळलं?" बाहेरचे तापमान मोजणारा सेन्सर बंपरच्या आत असतो. बंपर बदलणाऱ्याने तो जागेवर न बसवता रेडिएटरपाशी लोंबकळत सोडला होता. जग वाचवायला दोन मिनिटे लागली. गृहस्थ जरा नाराजच होऊन गेले.

आता ज्या गाडीबद्दल खरे सांगायचे आहे तिच्याकडे येते.

शेषाद्री साहेब राजाजीनगरात राहायचे. पूर्वी त्यांचा यंत्रांचे सुटे भाग बनवण्याचा कारखाना होता. वय सत्तरीच्या पुढे, ताठ चालणे, मोठा आवाज. गाडी नवी होती, स्वयंचलित एसीची. अशा गाडीत आपण फक्त आकडा सांगायचा, चोवीस म्हटले की चोवीस. गाडीत स्टिअरिंगच्या बाजूला नखाएवढी एक जाळी असते. तिच्या मागे एक सेन्सर बसलेला असतो. तो आतली हवा हळूच स्वतःकडे ओढून घेतो, तिचे तापमान मोजतो आणि गाडीच्या संगणकाला कळवतो. आत गरम आहे असे कळले की संगणक थंड हवा वाढवतो. आत फार गार झाले असे कळले की एक झडप फिरवून इंजिनाच्या गरम पाण्यावरून आलेली हवा मिसळतो. म्हणजे सगळा कारभार त्या नखाएवढ्या जाळीच्या शब्दावर चालतो.

साहेबांनी फोनवर सांगितलेली तक्रार अशी, की एसी सुरू केला की दहा मिनिटे बरा चालतो आणि मग गरम वारे फेकायला लागतो. मार्च महिना होता. त्यांच्या हृदयात पूर्वी एक झडप बसवलेली होती आणि उकाड्यात त्यांचा जीव घाबरा व्हायचा.

पहिल्यांदा गाडी आली तेव्हा मंजण्णाने ती शेडमध्ये तासभर चालवून पाहिली. झोताचे तापमान आठ अंश, एकदम सुरेख. काही दोष नाही. आठ दिवसांनी गाडी पुन्हा आली. पुन्हा सुरेख. तेव्हा आम्ही, निव्वळ काहीतरी केले असे वाटावे म्हणून, तो आतला सेन्सर बदलून टाकला. पुराव्याशिवाय भाग बदलायचा नाही, हा माझाच नियम, आणि तो मीच मोडला. तिसऱ्यांदा गाडी आली तेव्हा साहेब स्वतः बरोबर आले, माझ्यासमोरच्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, "तुमच्याकडे गाडी शहाण्यासारखी वागते आणि माझ्याकडे वेड्यासारखी. याचा अर्थ काय?"

तिसऱ्यांदाही दोष सापडला नाही. शेवटचा रकाना कोरा ठेवणे मला जमायचे नाही. मंजण्णाला मागच्या सीटवर एक उशी दिसली होती. मी मनाशी जुळवले की ड्रायव्हर दुपारी एसी लावून गाडीत झोपत असणार, बटणांशी खेळत असणार. मी माझ्या शाळेतल्या वळणदार इंग्रजीत लिहिले, 'चालकाकडून चुकीचा वापर होत असल्याची शक्यता.' सही केली. साहेबांनी कार्ड वाचले, घडी करून खिशात ठेवले आणि गेले.

तो शुक्रवार होता. शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास त्यांचा ड्रायव्हर शेडच्या दारात उभा राहिला. बरोबर गाडी नव्हती, बसने आला होता. दत्तू त्याचे नाव, निपाणीकडचा, चाळिशीचा. तीन वेळा गाडी सोडायला तोच आला होता, पण चावी देऊन बाहेर झाडाखाली बसायचा. त्याचा आवाज मी नीट ऐकलासुद्धा नव्हता.

"अक्का," तो म्हणाला, "कार्डात तुम्ही काय लिवलासा?"

मी सांगितले.

"मी गाडीत झोपतोय म्हणून कुणी सांगितलं तुमास्नी?"

"उशी होती मागे."

"ती उशी साहेबांच्या पाठीला लागती की ओ! उतरताना मागं टाकत्यात. त्यांच्या कमरेत चमक भरती. मला झोपायला माझी खोली हाय, त्यांच्या बंगल्याच्या मागंच हाय. गाडीत कशाला झोपू?"

मंजण्णा हातातले काम थांबवून बघत राहिला. दत्तू पुढे सांगत होता. काल संध्याकाळी साहेबांनी त्याला गेटवर उभे केले. शेजारच्या बंगल्यांचे ड्रायव्हर तिथे गप्पा मारत होते, सहा-सात जण. त्यांच्या देखत साहेबांनी कार्ड वाचून दाखवले आणि सांगितले, की रविवारी देवनहळ्ळीला शेतावर जायचे तेवढी गाडी चालव, सोमवारी खोली रिकामी कर.

"सोमवारपासून पोरीची धावीची परीक्षा हाय, अक्का. पहिला पेपर. नोकरी दुसरी बघतो मी, त्याचं काय न्हाई. पण पोरीनं पुस्तकं घेऊन बसायचं कुठं? आनि त्या सगळ्यांच्या म्होरं मला चोर केल्यागत केलं. गाडी मी लेकरागत सांभाळलोय."

मी चष्मा काढून पुसला. तुमचे आजोबा आतल्या टेबलावरून सगळे ऐकत होते. ते म्हणाले, "तुझी प्रश्नपत्रिका साहेबांनी सोडवली. गाडी चालवतो तो मात्र तीनही वेळा झाडाखाली बसला होता. त्याला कुणी काही विचारलं?"

आजोबांचे टोमणे मी बहुतेक वेळा परतवून लावते. हा परतवता आला नाही.

मी चौथे कार्ड काढले आणि दत्तूला खुर्ची दिली. तो आधी बसेना. "बस रे," मंजण्णा म्हणाला, "अम्मा उभ्या माणसाला प्रश्न विचारत नाहीत."

मी विचारत गेले. एसी कधी बिघडतो? सकाळी. किती वेळाने? दहा-पंधरा मिनिटांनी. दुपारी? दुपारी झकास. रविवारी शेतावर जाताना? जाताना सगळा रस्ता भट्टी, येताना गारेगार. आणि आमच्याकडे गाडी कधी आणायचास? साहेबांना क्लबवर सोडून, बारा वाजता. तिसऱ्यांदा साहेबांनाच घेऊन, पण तेव्हाही बारालाच.

लेखणी तिथेच थांबली. आम्ही तीनही वेळा आजारी माणसाला ताप उतरल्यावर तपासले होते.

मी साहेबांना फोन लावला. "उद्या सकाळी मी आणि मंजण्णा तुमच्या गाडीतून देवनहळ्ळीला येऊ इच्छितो."

"तीनदा पाहिलंत ना? तुम्हीच कारण लिहून दिलंत."

"मी अंदाज लिहून दिला होता. तुम्ही त्याच्यावर माणूस काढताय. तेव्हा मला कार्ड पुरं करू द्या."

मग ते म्हणाले, "सरी, ठीक आहे. साडेसातला या. उशीर झाला तर थांबणार नाही."

रविवारी आम्ही सातलाच राजाजीनगरात पोहोचलो. गेटवर ते सगळे ड्रायव्हर होतेच. मंजण्णाने स्कॅनर जोडला आणि तो हातात घेऊन माझ्या शेजारी मागच्या सीटवर बसला. स्कॅनर म्हणजे गाडीच्या संगणकाला काय काय कळते आहे ते दाखवणारी पाटी. माझ्या हातात काचेचा साधा थर्मामीटर. दोघांची साक्ष जुळते का, एवढेच पाहायचे होते.

साहेब पांढरे धोतर नेसून, कपाळाला गंध लावून बाहेर आले. हातात केळीच्या पानाची पुडी. त्यांनी ड्रायव्हरच्या बाजूचे दार उघडले, पुडीतून शेवंती आणि मोगऱ्याची वीतभर माळ काढली, ताजी, पाणी शिंपडलेली, आणि डॅशबोर्डवर देवाचे छोटे चित्र चिकटवले होते त्याच्यावर अडकवली. उदबत्ती ओवाळली, हात जोडले आणि पुढेच डावीकडच्या सीटवर येऊन बसले. दत्तूने गाडी काढली. असे हजारो गाड्यांत रोज सकाळी होते. मी त्याच्याकडे पाहिले आणि पाहिलेही नाही.

यशवंतपूर येईपर्यंत गार झोत होता. सर्कल ओलांडले आणि झोत कोमट झाला. हेब्बाळच्या अलीकडे तर तो चक्क गरम झाला. साहेब रुमालाने मान पुसायला लागले. "पाहा! आता पाहा!" त्यांच्या आवाजात एक प्रकारचा आनंद होता.

"मंजण्णा, स्कॅनर काय म्हणतो?"

"आतलं तापमान अठरा म्हणतो, अम्मा."

माझा थर्मामीटर एकोणतीस सांगत होता.

"सेन्सर नवा आहे," मंजण्णा पुटपुटला. "मीच घातला. नवा सेन्सर खोटं कशाला बोलेल?"

खरेच, कशाला बोलेल? मी दोन सीटांमधून पुढे वाकले आणि थर्मामीटर त्या नखाएवढ्या जाळीपाशी नेला. ती जाळी दिसेना. ती देवाच्या चित्राच्या अगदी खाली होती आणि तिच्यावर माळ पसरली होती. माझे बोट फुलांना लागले. ओले, आणि गारढोण.

मुलांनो, त्या क्षणी मी गाडीत नव्हते. मी आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत होते. तिथे भिंतीवर दोन थर्मामीटर शेजारी शेजारी टांगलेले असायचे. एकाच्या टोकाला ओली चिंधी गुंडाळलेली. खोली एकच, पण ओल्या चिंधीचा थर्मामीटर नेहमी कमी आकडा दाखवायचा, कारण पाणी उडून जाताना उष्णता बरोबर घेऊन जाते. हवा जितकी कोरडी तितका फरक जास्त. आणि एसीची हवा फार कोरडी असते. सेन्सर खोटे बोलत नव्हता. त्याला ओल्या फुलांमधून गाळलेली हवा मिळत होती आणि तो इमानाने सांगत होता, की अठरा अंश, साहेबांना थंडी वाजत असेल, गरम हवा सोडा.

"दत्तू," मी म्हटले, "गाडी बाजूला घे."

गाडी थांबली. इंजिन चालूच ठेवायला सांगितले. "साहेब, ती माळ काढा. मी हात लावणार नाही. पूजा तुमची आहे, तुम्हीच काढा."

"देवाची माळ? रस्त्यात?"

"पाच मिनिटं मांडीवर ठेवा. देव तुमच्या मांडीवर बसला असं समजा."

त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की कारखान्यातली माणसे त्यांच्यासमोर का थरथरायची ते मला कळले. पण माळ काढली. मंजण्णा मोठ्याने आकडे वाचायला लागला. "एकोणीस. एकवीस. तेवीस, अम्मा. सव्वीस. अठ्ठावीस!" आणि खाडकन झडप फिरल्याचा आवाज आला. झोत भरला, थंड, इतका की साहेबांच्या मांडीवरची फुले हलायला लागली.

एकदा झाले म्हणजे सिद्ध झाले असे नाही. दोष तीनदा बोलावता आला आणि तीनदा घालवता आला तरच तो सापडला, हे मी आयुष्यभर पाळले. माळ पुन्हा अडकवायला लावली. दहा मिनिटांत उकाडा. काढली, गारवा. पुन्हा अडकवली. तिसऱ्या वेळी साहेब माझ्या सांगण्याची वाट न बघता स्वतःच माळ काढून आकडे विचारत होते. दुपारपर्यंत ती फुले सुकायची, म्हणून दुपारी गाडी झकास. एवढे कोडे सुटले.

"पण तुमच्या शेडमध्ये ही माळ कुणालाच कशी दिसली नाही?" साहेबांनी विचारले. "सुकलेली तर सुकलेली, माळ तर तिथंच असणार."

त्या प्रवासात दत्तू पहिल्यांदाच बोलला. समोर रस्त्याकडे बघत. "मी काढून ठेवत होतो की साहेब. हे लोक बूट घालून गाडीत चढत्यात. देवाची माळ तशी कशी ठेवू? झाडाच्या बुडाला ठेवून मग चावी देत होतो. तुम्ही आला होता तवाबी, तुम्ही आत गेल्यावर."

म्हणजे गाडी आमच्याकडे आली की पुरावा भक्तिभावाने झाडाखाली जात होता, आणि दत्तूही त्याच्या शेजारी बसत होता. तीन वेळा! मंजण्णाला हसू आवरेना. तो खिडकीबाहेर तोंड करून खोकल्यासारखे करू लागला.

"पण माळ तिथंच का अडकवता, साहेब?" मी विचारले. "एवढा मोठा डॅशबोर्ड आहे."

ते जरा संकोचले. "गाडी घेतली त्या दिवशी पूजा केली. उदबत्तीचा धूर वळून बरोबर त्या जाळीत गेला. दुसऱ्या दिवशीही गेला. मला वाटलं, देव तिथं धूप घेतोय."

"ती जाळी हवा ओढते म्हणून धूर जातो. देव कुठे आहे आणि कुठे नाही हे सांगणारी मी कोण? पण तिथे गाडीचं नाक आहे, एवढं मला ठाऊक आहे."

मी चौथे कार्ड मांडीवर घेऊन तिथेच पुरे केले. आणि साहेबांच्या खिशातले तिसरे कार्ड मागून घेतले. माझ्या त्या वळणदार ओळीवर एक रेघ मारली, खाली लिहिले, 'हे चूक होते. चालकाचा दोष नाही', आणि सही केली. एवढ्या वर्षांत मी स्वतःच्या कार्डावर मारलेली ती एकमेव रेघ. आधीही काही मारायला हव्या होत्या का, हा विचार मला अजून कधीकधी छळतो. किती ड्रायव्हर झाडाखाली बसून राहिले आणि बसने परत आले नाहीत, ते मला कसे कळणार?

साहेबांनी दोन्ही कार्डे वाचली. "ठीक आहे. दत्तू, सोमवारी जायची गरज नाही. विषय संपला."

दत्तूने गाडी हलवली नाही. "साहेब," तो हळू म्हणाला, "तुम्ही बोलला होता ते गेटवर बोलला होता. सात जण ऐकत हुते."

साहेबांचा चेहरा लाल झाला. "मग काय, आता मी—" एवढे बोलून ते थांबले. दत्तूने गाडी रस्त्यावर घेतली. देवनहळ्ळी येईपर्यंत एसी चोवीसवर चालला, पारा हलला नाही. माळ साहेबांच्या हातात होती.

शेतावर तासभर थांबून आम्ही परतलो. बंगल्याच्या गेटवर ते सगळे ड्रायव्हर सावलीत बसले होते, काय निकाल लागतो ते पाहायला थांबलेले. गाडी थांबताच मी आधी उतरले, कारण पहिली चूक माझी होती. माझे कन्नड व्याकरणशुद्ध नाही, पण ऐकू जाईल इतके मोठे आहे. मी सांगितले, की शुक्रवारी या गेटवर जे कार्ड वाचले गेले ते मी लिहिले होते, न विचारता लिहिले होते, आणि ते खोटे होते.

माझ्या मागून दार उघडल्याचा आवाज आला. साहेब उतरले. त्यांनी चष्मा लावला, चौथे कार्ड हातात धरले आणि आधी इंग्रजीत, मग कन्नडमध्ये, पहिल्या ओळीपासून शेवटच्या सहीपर्यंत वाचले. वाचून झाल्यावर म्हणाले, "माळ मी लावत होतो. रोज. मीच."

कुणी हसले नाही. मग एक म्हातारा ड्रायव्हर पुढे आला. "अक्का, मग आमच्या गाडीत देव कुठं लावायचा ते पण सांगून जावा." तेव्हा सगळेच हसले, साहेबसुद्धा. मंजण्णाने तिथल्या पाच गाड्यांची नाके शोधून दाखवली. दोघांच्या फुलांखाली सापडली.

निघताना साहेबांनी दत्तूला हाक मारली. "उद्या मुलीचा पेपर किती वाजता?"

"साडेधाला, साहेब."

"मग गाडी आधी तिच्या शाळेत जाईल. ती पुढे बसेल. मी मागे बसेन, नंतर मला क्लबवर सोड."

दत्तूने मान ताठ केली. गेटवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "मग नवाला तयार व्हा, साहेब. तुमच्या आवरण्यापायी पोरीला उशीर झालेला मला चालणार न्हाई."